अर्ध्या किलोचा पतंग

दुकानदाराने काउंटरवर सात पतंग मांडले, तरी तिचं समाधान होईना. शेवटी तिने पर्समधून स्प्रिंगचा काटा काढला आणि विचारलं, "बाहेर वाऱ्यात धरून बघू का?"

"बाई, पतंग घेताय की मासळी?"

ती हसली नाही. मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढल्यावर आकड्याशिवाय तिला चैन पडत नसे. फुटपाथवर उभं राहून तिने एकेका पतंगाची दोरी काट्याला अडकवली. पेटीसारखा चौकोनी पतंग दोन किलोंनी ओढत होता. लांब शेपटीचा कापडी त्रिकोण मात्र सोडताच आपणहून वर चढला आणि काटा अर्ध्या किलोवर थांबला.

"हा सगळ्यात सोपा," दुकानदार म्हणाला. "आजीपासून नातीपर्यंत कुणीही उडवावा."

"घरात एकाच्या हातात जोर कमी आहे."

"किती कमी?"

"गेल्या रविवारी दोन किलो दोनशे ग्रॅम होता."

दुकानदार पतंग गुंडाळू लागला.

तिचा नवरा क्रेन चालवायचा. वर्षभरापूर्वी त्याची बोटं लुळी पडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हे वाढतच जाणार. तेव्हापासून दर रविवारी ती स्वयंपाकघराच्या कडीला काटा लावी, नवरा काट्याचा पट्टा मुठीत धरून ओढी आणि ती आकडा वाचून कॅलेंडरवर लिही. दोघांत एकच ठरलं होतं: आकडा दोनच्या खाली गेला, की त्याने मुंगीला उचलायचं नाही. मुंगी त्यांची चार वर्षांची लेक. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. रोज बाबाच्या कडेवर बसून जिना उतरायचा हा मुंगीचा हट्ट होता, आणि त्याच्या वाट्याला उरलेलं तेवढंच एक काम.

पतंग आणल्यानंतरच्या रविवारी सकाळी आकडा आला दोन किलो शंभर. मग सासूबाईंसह चौघं मैदानावर गेली.

पतंग गुणी निघाला. सासूबाईंनी उडवला आणि म्हणाल्या, "माझं इतकं ऐकणारं या घरात हेच पहिलं!" मुंगीने उडवला आणि लगेच कंटाळली. "आता बाबा!"

"नको गं, डोळ्यांवर ऊन येतंय."

"अहो, घ्या की," ती म्हणाली. "अर्धाच किलो आहे. मोजून आणलाय."

त्याने आईकडे पाहिलं. सासूबाई दुसरीकडे बघू लागल्या. मग त्याने हात पुढे केला आणि तिने दोरीची लाकडी मूठ त्याच्या बोटांत दिली.

ओल्या हातातून साबणाची वडी सुटावी तशी मूठ सुटली. वारा वाढला नव्हता, झोतही आला नव्हता. मूठ गवतावरून उड्या मारत कुंपणापलीकडे गेली आणि पतंग रस्त्यापलीकडच्या छपरांवर लहान लहान होत गेला.

"बाबाने सोडला! बाबाने सोडला!" मुंगी टाळ्या पिटत कुंपणाकडे धावली.

इकडे तिने नवऱ्याची लांब बाही मागे सारली. मनगटावर काट्याच्या पट्ट्याचा ताजा लाल वळ होता.

"पट्टा मनगटात अडकवत होतात?"

"तू काटा बघायचीस," तो म्हणाला. "हात कुठे बघायचीस?"

"कधीपासून?"

"चार महिने झाले," सासूबाईच बोलल्या. "मीच म्हटलं त्याला. तू कामावर गेलीस की बटणंसुद्धा मीच लावते त्याची. एवढं एक तरी राहू दे, म्हटलं."

"आणि पोर पडली असती तर?"

चार महिने, रोज, चोपन्न पायऱ्या. तो मुंगीला कोपरांवर तोलून धरायचा, हे तिने पाहिलं होतं. मुंगीच त्याच्या गळ्याला घट्ट धरून असायची, हेही पाहिलं होतं. मोजायचं मात्र तिला दुसरंच सुचलं होतं.

घरी आल्यावर जिन्यापाशी मुंगीने दोन्ही हात वर केले. "बाबा, उचल."

तो तसाच उभा राहिला.

"मी दमले ना! उचल!"

"आज आईकडे जा, मुंगे."

"आई नको!"

तिने पर्स सासूबाईंकडे दिली आणि मुंगीला उचललं. तिन्ही मजले मुंगी तिच्या खांद्यावरून मागे हात पसरून रडत राहिली. मागून तो येत होता, कठड्यावर कोपर टेकवत, एकेक पायरी.