पिन काढा, मग हात घाला

मित्रांनो, माझा आवाज तुम्ही ऐकला असेल, मला मात्र पाहिलं नसेल. कूलरच्या टाकीत तळाशी बसून सारा उन्हाळा गुरगुरणारी, मूठभर आकाराची मोटर असते ना, तीच मी. वाळ्याच्या पडद्याला पाणी मी पाजते आणि वाहवा मिळते पंख्याला. पण तक्रार सांगायला मी बसलेले नाही. मी जन्माची भित्री आहे, आणि माझी भीती एकदा खरी झाली, ते सांगायचं आहे.

आम्हा मोटरींना दोन गोष्टींचं भय असतं. पाणी संपलं तर आम्ही जळून जातो, हे पहिलं. दुसरं मोठं आहे. आमच्या वायरीचं कातडं फाटलं तर आतला करंट पाण्यात उतरतो, आणि पाणी दिसायला जसंच्या तसं असतं. कुणाला काही कळत नाही. आम्हाला कळतं, पण सांगता येत नाही.

मूल या तालुक्याच्या गावापासून थोड्या अंतरावर, जंगलाला लागून एक खेडं आहे. तिथल्या गिरजाबाईंच्या घरी मी सहा उन्हाळे काढले. मग घरात मोठा कूलर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. तिथे एका उंदराने माझ्या वायरीवर दात घासून घेतले. मी मुकाट पडून राहिले.

त्या कार्तिकात घरात अघटित घडलं. घरामागे गिरजाबाईंची सांदवाडी होती. पालक, मेथी, लाल भाजी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्या स्वतः लावायच्या. काटेरी कुंपणापलीकडे शेजारच्या सोनीबाईंची वाडी. एका सकाळी दोघी बोलत बोलत भाजी खुडत होत्या. बोलता बोलता सोनीबाईंचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं. गिरजाबाईंनी मान वर केली, तेव्हा वाघ सोनीबाईंना ओढत बांबूच्या बेटाकडे नेत होता.

त्या दिवशी गिरजाबाई घरात आल्या आणि मागच्या दाराला कडी घातली. ती पुन्हा उघडली नाही. बाजारची भाजी ताटात आली की त्या ताट बाजूला सारायच्या. अंगावरचं लुगडं सैल होऊ लागलं. मुलगा अश्विन मूलच्या भातगिरणीत कामाला, तो दिवसभर बाहेर. काळजीने पोखरून निघाली ती सून, नंदिनी.

"बाई, तुमची वाडीच घरात आणते मी," एक दिवस ती म्हणाली.

मोबाइलवर बघून बघून तिने पुढच्या खोलीत मांडणी केली. लोखंडी घोडीवर पांढरे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत प्लास्टिकचे पेले, पेल्यांत नारळाचा काथ्या आणि रोप. माती नाहीच. खाली टाकी, टाकीत खताचं पाणी, वरून पांढरे दिवे. पाणी वर चढवायला कुणी तरी हवं होतं, म्हणून मला माळ्यावरून उतरवलं. मित्रांनो, आनंदाने मला भरून आलं, आणि त्याच क्षणी वायर आठवून धडकीही भरली.

उन्हाळ्याआधी गावोगावी मोटरसायकलवर फिरून कूलर दुरुस्त करणारा नूर मोहम्मद तेव्हा गावात आला होता. त्याने मला पुसलं, फिरवून पाहिलं आणि वायरीवर बोट थांबवलं.

"ही कुरतडली हाय, नंदिनीबाई. नवी वायर टाका लागते. आज माह्याजवळ नाई, मूलले दुकानात घेऊन या. आन् ध्यानात ठेवा, पाण्यात हात घालाच्या आधी पिन काढा. पायात रबरी चप्पल पाह्यजे. कोणी चिकटलंच तं त्याले शिवू नोका, पयले मेन बंद करा."

गिरजाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. नंदिनी "आणते" म्हणाली. तोवर चालेल म्हणून तिने वायरीला काळा टेप गुंडाळला आणि मला पाण्यात सोडलं.

महिन्याभरात पालक हातभर झाला. गिरजाबाईंनी पहिली जुडी आपल्या हाताने खुडली, आणि त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला. नंदिनी चुलीपुढे तोंड फिरवून रडली. माझं कौतुक झालं. पण टेपच्या आत पाणी शिरत होतं, ते मला जाणवत होतं.

नंदिनी मला मूलला न्यायला निघाली की गिरजाबाई तिचा हात धरायच्या. "आज नोको नेऊ वो. हिचा आवाज थांबला का मले मागचं ऐकू येते."

माझ्या गुरगुरण्याने मागच्या पाल्याची सळसळ झाकली जायची, म्हणून त्या मला बंदच होऊ देत नव्हत्या. पिन काढायची तर गोष्टच नको. वर आणखी एक रीत होती. वाडीत पायताण घालून जायचं नाही, भाजी विटाळते, हे त्या सासूकडून शिकल्या होत्या. घोडीजवळ येताना त्या चपला दूर काढायच्या आणि अनवाणी पायांनी उभ्या राहून टाकीतली मुळं चाचपायच्या.

"हातात मुंग्या येऊन राह्यल्या वो नंदिनी."

"भेव घेतलं ना तुम्ही बाई, त्याचंच हाय ते."

नाही, मी आतून ओरडत होते, ते माझं आहे! कोरड्या फरशीमुळे वाचताय तुम्ही! पण माझं ओरडणं म्हणजे तीच गुरगुर, आणि ती ऐकून त्यांना बरं वाटायचं.

वैशाखात बुद्धपौर्णिमा आली. अश्विन सकाळीच विहारात तयारीला गेला होता. नंदिनीने सगळं घर धुऊन काढलं. खोलीभर पाणी. टाकीत पिकलं पान पडलेलं दिसलं म्हणून ती पुढे झाली. तिच्या पायात रबरी चप्पल होती.

"चप्पल काढ वो," गिरजाबाई म्हणाल्या. "आजच्या दिवशी तरी. भाजीत कोणी चप्पल घालून जाते का?"

नंदिनी हसली आणि तिने चप्पल काढली.

तिचा हात पाण्यात आला आणि ज्याचं मला जन्मभर भय होतं ते घडलं. तिची बोटं टाकीच्या लोखंडी काठावर आवळली गेली. तोंड उघडं, पण आवाज नाही. माझ्यातूनच ते जात होतं, मित्रांनो, आणि मला थांबता येत नव्हतं.

गिरजाबाई धावल्या, हात पुढे केला, आणि हात तसाच मागे घेतला. शिवू नोका. पिन घोडीच्या मागे, नंदिनीच्या अंगाआड. मेन मागच्या पडवीत, बंद दाराच्या बाहेर.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग मी कडी खणाणताना ऐकली. सहा महिन्यांची गंजलेली कडी, एकदा, दोनदा, आणि दार भिंतीवर आदळलं.

मी थांबले. घरात चिडीचूप झालं.

नंदिनी खाली कोसळली. गिरजाबाई तिला कवटाळून बसल्या आणि "म्याच काढाले लावली चप्पल, म्याच" एवढंच म्हणत राहिल्या. शेजारी धावले, तिला मूलच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. दोन बोटं भाजली आहेत, पण ती उभी आहे.

नूर मोहम्मद आला तेव्हा त्याने माझी वायर कापून टाकली. मला आता कुणी पाण्यात सोडणार नाही, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी खिडकीत बसून असते. टाकीत नवी मोटर आहे, अखंड वायरीची, आणि मीटरजवळ करंट आपोआप तोडणारा खटका बसवला आहे.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल. तिची वायर बघा, टेपवर भागवू नका, आणि तिला शिवण्याआधी पिन काढा. ती तुम्हाला हाक मारू शकत नाही.

गिरजाबाईंची भीती गेली असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी त्या रबरी चप्पल घालून येतात आणि पिन काढतात. मोटर थांबते. मागची सळसळ स्पष्ट ऐकू येते. पिन त्या मुठीत घट्ट धरून ठेवतात. सळसळ ऐकत त्या तशाच उभ्या राहतात, मग मुळं चाचपतात, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून सांगतात, "ये वो नंदिनी, पिन काढली म्या."