वाघिणीची पायरी

आमच्या घरात दोन वाघिणी. एक मी, आणि दुसरी बैठकीतल्या टेबलावर. मालगाडीच्या बंद डब्याला जुने लोक वाघीण म्हणतात. त्याचीच ही प्रतिकृती, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. यांनी निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्या वीतभरही नसलेल्या डब्यात घातली.

मूळ डबा आम्हा दोघांच्याही ओळखीचा. मी रेल्वेच्या भांडारात कारकून होते, हे कारखान्यात वेल्डर. तो डबा रोज सुटे भाग घेऊन भांडारातून कारखान्यात जायचा, आणि निघण्याआधी आत चढून माल तपासायचं काम माझं. माझी उंची चार फूट नऊ इंच, डब्याची फळी माझ्या हनुवटीशी. उलट्या खोक्यावर पाय देऊन चढताना मी दोनदा आपटले. मग मी साहेबांना एकामागून एक तीन अर्ज लिहिले, आणि एका सोमवारी बघते तर दाराखाली लोखंडी पायरी! ऑफिसने माझं ऐकलं ते आयुष्यात तेवढं एकदाच. ही गोष्ट मी मुलांना, सुनेला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, ज्याला वेळ नव्हता त्यालाही सांगितली आहे.

तर, प्रतिकृती स्टेशनातल्या काचेच्या कपाटात लागायची होती. निवड करायला रेल्वेच्या प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी मंडळाचे सचिव घरी आले. माघारी आम्ही त्यांना फूटपट्टी म्हणतो. त्यांनी भिंगातून पाहिलं, डब्याच्या मूळ नकाशाशी ताडून पाहिलं, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या पायरीवर बोट ठेवलं.

"ही नकाशात नाही. काढा, मग कपाट तुमचं."

"काढतो," हे लगेच म्हणाले.

एका बिजागरीसाठी आठवडाभर जेवणाला उशीर करणारा हा माणूस! माझं डोकंच फिरलं. "हात लावून तर बघा त्या पायरीला! तीन अर्ज केलेत मी. चला, खरा डबाच दाखवते."

"अगं, जाऊ दे ना," हे म्हणेपर्यंत माझ्या पायात चप्पल होती.

डबा यार्डाच्या टोकाला उभा आहे. रूळ दुरुस्त करणारे आता त्यात फावडी ठेवतात. पायरी जागेवर होती. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. फूटपट्टी गुडघे टेकून डब्याखाली वाकले ते बराच वेळ वर येईनात.

"वहिनी, मंजूर बदल असता तर डब्यावर पाटी असती. हे कोणीतरी चोरून जोडलंय." त्यांनी रुमालाने गंज पुसला. "आणि चोर तरी कसला! खाली स्वतःचा नंबर ठोकून गेलाय. एक्केचाळीस."

वेल्डरला प्रत्येक जोडाशेजारी आपला नंबर ठोकावा लागतो. हाताला सवयच लागते तशी. एक्केचाळीस नंबरचा बिल्ला आमच्या घराच्या किल्ल्यांना अजून लटकतो, आणि किल्ल्या माझ्या मुठीत होत्या.

मी वळून पाहिलं. हे रुळांमधली खडी निरखत उभे होते.

"आणि माझे अर्ज?"

"साहेबांच्या केराच्या टोपलीत. पंख्याचा तुटलेला दांडा जोडायला गेलो होतो, तेव्हा दिसले."

"सापडला असतात तर नोकरी गेली असती!"

"तू तिसऱ्यांदा पडली असतीस."

तेव्हा आमची धड ओळखसुद्धा नव्हती. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि त्या अर्जांच्या फुशारकीची लाजही वाटत होती.

फूटपट्टी गुडघे झटकत उठले. "खऱ्या डब्याला आहे, तर छोट्यालाही राहू दे," म्हणाले, आणि उगाचच पलीकडची चाकं बघायला गेले.

"चौतीस वर्षं," मी म्हटलं. "एकदा तरी बोलायचं होतं!"

"कसं बोलणार?" हे म्हणाले. "ती गोष्ट सांगताना तू किती खूश असायचीस."