आसिममियाँची ट्यूबलेस चाकं

जावयाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. ज्याने ही पद्धत लावली त्याला मला एकदा भेटायचं आहे.

आमच्या अलफियाचा नवरा आसिम, तिला घेऊन सुलतानपूरहून नांदुऱ्याला आला. तिच्या अब्बांचं टायरचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. तारांच्या चाकांची गाडी तिथे लावून तो म्हणाला, "अब्बा, ट्यूब काढून टाका. तारांची तोंडं आतून सीलंटनं बुजवा, वरून टेप मारा. झालं ट्यूबलेस. सगळे पोट्टे करून राह्यले."

यांनी चाक खोललं, रिमच्या आत बोट फिरवलं. "आसिममियाँ, याच्यात टायरची कड अडवणारा उंचवटाच नाही. हवा कमी झाली का कड सरकते अन् सगळी हवा एकदम जाते. वळणावर झालं तं माणूस फेकला जाते."

"तुम्ही लय भेता अब्बा."

झालं, हे गप्प. मला यांचा राग आला आणि स्वतःचाही, कारण तोंड मीही उघडलं नाही. त्याच गाडीवर मागे बसून माझी पोर परत जाणार होती.

मग यांनीच वाट काढली. मी आसिमला जेवायला बसवलं आणि तो नको नको म्हणेपर्यंत वाढत राहिले. तेवढ्यात यांनी सीलंट लावलं, टेप मारली आणि आत गुपचूप नव्या ट्यूब घालून टायर चढवले. अलफियानं ते पाहिलं आणि ओढणीआड हसली. आसिमनं साबणाचं पाणी मारून पाहिलं, एक बुडबुडा नाही. येणार कुठून? तो खुशीत गेला. आम्हीही त्या दिवशी स्वतःला फार हुशार समजलो.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. यांचे हात ग्रीसचे होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"अब्बा, माझी गाडी पाहून धाकट्या भावानं बी घरीच करून घेतलं. सेम तुमच्यासारखं. आत्ता अम्मीले घेऊन मेहकरले निघाला."

यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलावं तर पोरीचा संसार, न बोलावं तर विहीणबाईंचा जीव. शेवटी मीच बोलले.

"आसिममियाँ, तुमच्या चाकात ट्यूब आहे. अब्बांनी तुमच्यापासून लपवून आत घातली. भावाले थांबवा."

त्यानं विचारलं, "अलफियाले माहीत व्हतं?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोच पलीकडून तिचाच आवाज आला. "हाव, माहीत व्हतं. तुम्ही पहिले भावाले फोन लावा."

फोन कट झाला. आता परत लावायचीही सोय नव्हती, त्याची लाइन मोकळी राहायला हवी होती. मी फोन हातात धरून दुकानात उभी राहिले. गिऱ्हाईक आलं, त्याला यांनी हातानंच परत पाठवलं.

शेवटी अलफियाचा फोन आला. "अम्मी, वाटेतच थांबवलं त्याइले. अम्मीजान ठीक आहेत."

"अन् तू?"

"मले हे म्हणाले, बॅग भर."

खोटं आमचं होतं. विचारल्यावर खरं तिनं सांगितलं, आणि बॅगही तीच भरत होती.