नेपाळची लाईन कोंडिबाआप्पाच्या रानातून

परिषद साडेदहाला सुरू व्हायची होती आणि साडेदहाला एकही देश हजर नव्हता.

नेपाळ आणि भारत एकाच मित्राच्या हळदीला गेले होते. बांगलादेशला कुरकुंभच्या कंपनीत अचानक पहिली शिफ्ट लागली होती. तिघेही शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, आणि तिघांनीही ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पाठवून आपलं परराष्ट्र धोरण स्पष्ट केलं होतं.

एरवी प्रतिभाबाईंनी परिषद पुढं ढकलली असती. पण त्या दिवशी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडचं हे कॉलेज. बाई तिथं नऊ वर्षं राज्यशास्त्र शिकवत होत्या, तेही तासावर. म्हणजे तास झाला तर मानधन, आणि कॉलेजला सुट्टी लागली की बाईंच्या पोटालाही सुट्टी. प्राचार्य मारुतराव त्यांना म्हणाले होते, "मॅडम, समितीनं तुमच्या उपक्रमाची नोंद घेतली, की पूर्णवेळ जागेसाठी तुमच्या नावाचं पत्र मी संस्थेला देतो. मात्र पुरावा पाहिजे. कार्यक्रम झाला नाही तर एक वेळ चालेल, पुरावा पाहिजे."

पुरावा म्हणजे तीन शेजारी देशांच्या सह्या असलेलं संयुक्त ऊर्जा धोरण.

बाईंनी घरमालकिणीला फोन लावला. तुळजाबाई आठवडी बाजारात मेथी विकत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "माणसंच पायजेत न्हवं? आणते की."

अर्ध्या तासात त्या बाजारातून दोन माणसं घेऊन आल्या. एक कोंडिबाआप्पा, नात्यानं त्यांचे दीर, दोनदा गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन झालेले. दुसरे तात्याबा, त्यांच्या वडलांनी मेंढरं सोडून विहीर पाडली, त्या विहिरीला अजून उन्हाळ्यातही पाणी असतं. दोघांचा बांधाला बांध लागून. सहा वर्षं बोलणं नाही. जीपमध्ये एक जण पुढं बसून आला होता, दुसरा मागं दांडीला लटकून.

हॉलमध्ये पहिल्या वर्षाची चाळीस मुलं, बॅनर आणि तीन झेंडे. बाईंनी सोप्या भाषेत सांगायला घेतलं, "हे बघा, नेपाळात डोंगर आहेत, नद्या आहेत. पावसाळ्यात तिथं वीज उरते. बांगलादेशला वीज कमी पडते. पण दोघांच्या मध्ये भारत आहे. नेपाळची वीज बांगलादेशला द्यायची, तर ती भारतातल्या तारांमधूनच जाणार."

तात्याबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हंजी पाणी माझं, पायजे तुळजाक्काला, आन् मधी आप्पाचं रान."

"ह्ये आमचंच हाय की ओ बाई," तुळजाबाई म्हणाल्या आणि बांगलादेशच्या झेंड्यामागं जाऊन बसल्या. नेपाळ आपोआप ठरला. उरला भारत. कोंडिबाआप्पांनी खुर्ची जराशी मागं ओढून घेतली, चेअरमन बसतो तशी.

पहिला तास फार चांगला गेला. नेपाळनं सांगितलं की पावसाळ्यात आपल्याकडं रग्गड हाय, पण हिवाळ्यात नदी आटती, तवा आपल्यालाबी कुणीतरी द्यावं. बांगलादेश म्हणाला, घेणाऱ्यानं कायम हात पसरायचा का? आम्हीबी हिवाळ्यात काहीतरी परत देऊ. मग पाण्याच्या पाळीचा विषय निघाला. ज्यांच्या विहिरी सामायिक असतात त्यांना तो सांगावा लागत नाही. आपल्या पाळीच्या दिवशी लाईट गेली, तर पाळी बुडाली की पुढं सरकली? या प्रश्नावर शिरूर तालुक्यात सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत. इथं तो वीस मिनिटांत सुटला. जेवढे तास लाईट गेली तेवढे तास पाळी पुढं, मात्र आपल्याच हातानं फ्यूज उडवला तर पाळी गेली. पहिल्या वर्षाच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य येऊन फोटोपुरते उभे राहिले आणि गेले.

मग सह्यांची वेळ आली. भारतानं पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार न्हाई."

प्रतिभाबाईंनी पेन उचलून पुन्हा त्यांच्यापुढं धरलं. "आप्पा, नुसती भारत म्हणून करायचीय."

"भारत म्हणून करू नायतर आणखी कशीबी. सही माझीच न्हवं? उद्या ह्योच कागद नाचवत ह्यो माझ्या रानात चर काढंल."

"परिषद आहे ही, आप्पा. खोटी आहे."

"खोट्या कागदावर तर आजाबात सही करत नसतो मी."

हे बोलणं चेअरमनकीच्या अनुभवातून आलेलं असावं. तुळजाबाई म्हणाल्या, "आप्पा, तुमाला नेमकं नगं काय हाय? पाइप नगं का तात्याबा नगं?"

कोंडिबाआप्पा बॅनरकडं बघत बोलले. नेपाळशी थेट बोलायचं नाही हा नियम त्यांनी अजून मोडला नव्हता. "वैनी, ह्यांचा बाप मेंढरं घेऊन यायचा. कुणाच्याबी रानात खतासाठी कळप बसवायच्या आधी त्या घरला जायचा, उंबऱ्यापाशी घोंगडं टाकून बसायचा, 'बसवू का आज तुमच्यात?' म्हणून विचारायचा. लोक आपणहून रान द्यायचे, वर दाणं द्यायचे. आन् ह्यो? ह्यो थेट जेसीबी घेऊन आला. सकाळी उठून बघतो तर माझ्या घासाच्या वाफ्यात पाइपासाठी दहा फूट चर."

चाळीस मुलं नेपाळकडं बघू लागली.

तात्याबांनी बराच वेळ झेंड्याची काडी सरळ केली. "मशीन तासावर व्हतं. म्हनलं, विचाराया गेलो आन् आप्पा घरी नसला, तर फुकट मीटर पळायचं."

"मी घरीच व्हतो," आप्पा बॅनरला म्हणाले.

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? न्हाई म्हनला असता तर?"

"व्हय म्हनलो असतो!" कोंडिबाआप्पा पहिल्यांदाच नेपाळकडं वळले. "इचारलं असतंस तर व्हयच म्हनलो असतो की रं! पाइप काय माझ्या छातीवरनं जाणार व्हता?"

"मग बाई, लिवून घ्या," तुळजाबाईंनी संधी सोडली नाही. "एक नंबरला लिवा. ज्याच्या रानातनं लाईन जायची, त्याला आधी त्याच्या घरी जाऊन विचारायचं."

"आन् चहा ज्याला विचारलं त्यानं पाजायचा," भारतानं भर घातली. आतिथ्याचा प्रश्न होता, तो दुसऱ्याच्या हातात देणं शक्य नव्हतं.

सह्या झाल्या. तिघांनीही सवयीनं सहीखाली आपापल्या जमिनीचा गट नंबर घातला, त्यामुळं नेपाळ हा गट नंबर दोनशे बारा झाला. बाई फोटो काढायला मोबाईल उघडतात तोवर आप्पांनी कागदाची चौपदरी घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. कागद करून झाला की मूळ प्रत थोरल्यानं ठेवायची असते. मग जेवणाची सुट्टी झाली.

तीन वाजता समिती हॉलमध्ये आली तेव्हा तिथं फक्त तीन झेंडे होते.

"पुरावा?" प्राचार्य हसऱ्या चेहऱ्यानं, दात न उघडता म्हणाले.

बाईंनी तुळजाबाईंना फोन लावला. पलीकडून तुळजाबाई म्हणाल्या, "आम्ही आप्पाच्या घरी हाय. एक नंबरचं चाललंय."

समितीचे अध्यक्ष दौंडचे, पाच दिवस कॉलेजा-कॉलेजांतून फायली बघून कंटाळलेले. ते म्हणाले, "चला, तिकडंच जाऊ."

कोंडिबाआप्पांच्या ओसरीवर तात्याबा बशीतून चहा ओढत बसले होते. प्राचार्यांनी हात पुढं केला. आप्पांनी मान हलवली. "मूळ कागद घरातच ऱ्हातो. झेरॉक्स न्या."

"मग द्या झेरॉक्स."

"लाईट न्हाई. तीनला गेली."

तेव्हा आप्पांनी कागद स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि अध्यक्षांनी तो दोन फुटांवरून वाचला. पाळीच्या कलमाशी ते थांबले. "हे पुढं सरकायचं... समजा रात्रीची लाईट असेल, आणि दोनदा गेली, तर?"

"दोन्हीची बेरीज," तात्याबा म्हणाले.

"आणि भाऊ म्हणाला, माझ्या पाळीत सरकवू नको?"

"कुणाचा भाऊ?"

मग कुरकुंभच्या वाटेवर आपलीही सामायिक विहीर असल्याचं अध्यक्षांनी सांगितलं, आणि खाटेवर सरकून बसले. समितीचे दोन सदस्य अर्धा तास कौलारू घराकडं बघत उभे राहिले.

उठताना अध्यक्षांनी शेरापुस्तक उघडलं. "फार उपयोगी काम. कुणाची कल्पना?"

"आमच्या मार्गदर्शनाखाली..." प्राचार्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही फोटोपुरतं आलावता," तुळजाबाई आतून कप घेऊन येत म्हणाल्या. "बाईंचं नाव लिवा."

अध्यक्षांनी लिहिलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं विचारून. आप्पांनी वाकून बघितलं आणि मग प्राचार्यांना विचारलं, "ह्यांच्या नोकरीचं पत्र तुमी देणार व्हता म्हणं?"

"देणार ना. ऑफिसात जाऊन टाईप करून..."

"लाईट न्हाई," आप्पांनी आठवण करून दिली. "हातानंच लिवा. वैनी, वहीचं पान द्या."

अध्यक्ष खाटेवर होतेच. नाही म्हणायला सोयीची जागा नव्हती. मारुतरावांनी मांडीवर पाट घेऊन नऊ ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली. खाली साक्षीदार म्हणून भारत आणि नेपाळनं सह्या ठोकल्या, गट नंबरासह.

प्राचार्यांनी पानाची घडी घालून ते खिशाकडं नेलं. प्रतिभाबाईंनी ते वाटेतच अलगद काढून घेतलं.

"राहू द्या सर," त्या म्हणाल्या, "टपालात मीच टाकते."