पांढऱ्या दारावरचा ओरखडा

मित्रांनो, अकोल्याच्या जठारपेठेत, एका टिनाच्या शेडखाली, हवा गेलेल्या चाकांवर उभी असलेली पांढरी मोटार तुम्ही पाहिली असेल. ती मी. माझे मोठे दिवे आणि जाड बंपर पाहून तुम्हाला वाटत असेल, ही काय कोणाला भीत असेल! पण खरं सांगते, मी जन्मापासून भित्री आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाचे थर चढवले आणि मला तापलेल्या भट्टीतून बाहेर काढलं, तेव्हाच मी पहिल्यांदा घाबरले. मग मालगाडीतून बडनेऱ्याला आले आणि तिथून अमरावतीला, कापसाचे व्यापारी रामराव यांच्या अंगणात. ते साल एकोणीसशे सत्तावन्न. माझी देखभाल आणि माझं चाक, दोन्ही मोतीरामच्या हाती आली. मोतीराम रामरावांचा ड्रायव्हर. आदल्याच वर्षी त्याच्या घरानं बुद्धाचा धम्म स्वीकारला होता.

आमच्या वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. वैशाखात माझ्या टपावर हात ठेवला तर फोड यायचा. असं ऊन सोसून पांढरा रंग हळूहळू मरतो. आधी चमक जाते, मग अंगावर खडूसारखी भुकटी येते. म्हणून मोतीराम मला सकाळच्या गारव्यात धुवायचा, सावलीत उभी करायचा आणि मलमलच्या फडक्यावर थोडंसं मेण घेऊन लहान लहान गोल फिरवत अंगभर लावायचा. मेण वाळून धुरकट झालं की दुसऱ्या मऊ कापडानं पुसायचा. मग माझ्या दारात अंगणातला पेरू दिसायचा, आभाळ दिसायचं, मोतीरामचं घामेजलं तोंडसुद्धा दिसायचं. लोक म्हणायचे, "काय चमकून राह्यली बाप्पा!"

मला मात्र त्या फडक्याचीही भीती वाटायची. रंग फार निस्तेज झाला की मोतीराम मेणाआधी रबिंगचा खरखरीत लेप लावून घासायचा, आणि त्या वेळी फडकं पांढरं व्हायचं. तो पांढरेपणा माझा होता. दर वेळी माझं थोडं अंग त्या फडक्यावर निघून जायचं. एक दिवस घासता घासता खालचा काळा पत्रा उघडा पडेल, या विचारानं मी आतल्या आत आकसून जायचे.

काही वर्षांनी रामरावांनी नवी मोटार घेतली. मला कडुनिंबाखाली लावलं गेलं. निंबोळ्यांचा चीक, पाखरांची घाण, पावसाचे डाग, सगळं अंगावर वाळत गेलं. मी पिवळट पडले. मग अंगणात एक माणूस येऊ लागला. तो माझ्याभोवती फिरायचा आणि म्हणायचा, "काळा रंग मारतो अन् टॅक्सीले लावतो." ते ऐकलं की मला कापरं भरायचं.

त्याच सुमारास मोतीरामच्या मुलीचं, जमुनाचं, लग्न ठरलं. नवरा मुलगा श्रावण, तेल्हाऱ्याकडच्या एका गावात शाळामास्तर होता. गावाचं नाव मी सांगत नाही. मोतीराम रामरावांपुढे उभा राहिला.

"मालक, पोरीले सासरी पोचवाले जुनी मोटर द्याल काय?"

"ने," रामराव म्हणाले. "पण तिची कळा पाह्यली काय? नवरी बसवाच्या लायक राह्यली नाई ते."

"ते मायावर सोडा."

मग बाप-लेक माझ्या मागे लागले. जमुनानं साबणाच्या पाण्यानं वर्षानुवर्षांचा चीक सोडवला. मोतीरामनं रबिंगचा डबा उघडला आणि मला खालचा काळा पत्रा आठवला. मडगार्डच्या कडेला आणि दाराच्या घडीवर रंग सगळ्यांत पातळ असतो. जमुना तिथेच जोरानं घासू लागली.

"हळू, माय," मोतीराम म्हणाला. "कडेले जोर नोको लावू. रंग फाटते."

"बाबा, तिले दुखते काय?"

"काय माहीत? पण जपून केलं तं आपलं काय जाते?"

फडकी भरून माझा मेलेला रंग निघाला. त्याखालून जुना पांढरा वर आला. मग मेण, मग पुसणं, पुन्हा मेण. शेवटी जमुनानं माझ्या दारात वाकून पाहिलं आणि आपली बट सारखी केली. त्या क्षणी मी भीती विसरले होते.

अमरावतीला त्रिशरण-पंचशील म्हणून लग्न लागलं. जमुना पांढऱ्या लुगड्यात होती, मीही पांढरी. मागच्या सीटवर नवरानवरी, पुढे मोतीराम. अकोल्याला थांबून त्यानं माझ्यावरची धूळ पुसली आणि आम्ही तेल्हाऱ्याकडे निघालो. ऊन उतरायला लागलं तेव्हा ते गाव आलं.

वेशीवर माणसं उभी होती. पाहुण्यांची वाट पाहणारी माणसं कशी उभी असतात ते मी ओळखते. ही तशी उभी नव्हती. सर्वांत पुढे नत्थुजी नावाचा उंच शेतकरी होता, हातात विळा.

"मोटर गावातून न्याची नाई," तो म्हणाला. "मांगच्या पांदनीनं न्या."

श्रावणनं काचेतून डोकं बाहेर काढलं. "नत्थुजी, पांदनीत बैलबंडी फसते. मोटर कशी जाईन?"

"तं पायी जा! आजवर तुमच्या वस्तीत कोनती नवरी मोटरीनं गेली?"

मोतीरामनं माझं चाक घट्ट धरलं. त्याच्या तळव्यांचा घाम मला कळत होता. मागून कोणीतरी दगड उचलल्याचा आवाज आला. मित्रांनो, माझ्या अंगात लोखंड आहे, पण काचाही आहेत, आणि त्या काचांच्या आत जमुना बसली होती. दगड आला तर मी तिला वाचवू शकणार नव्हते.

"बाबा, गाडी मागं घेता काय?" जमुनानं विचारलं.

"तू सांग, माय."

तिनं काचेतून बाहेरच्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले भेव लागून राह्यलं. पण मागं नोका घेऊ."

मोतीरामनं मला जरासं पुढे सरकवलं. तोच नत्थुजी बाजूला आला आणि त्यानं विळ्याचं टोक माझ्या दारावर टेकवून मागेपर्यंत ओढत नेलं. कर्रर्र! मेण फाटलं, रंग फाटला, पत्रा उघडा पडला. मला ओरडता आलं नाही. आत जमुनानं डोळे घट्ट मिटले.

इतक्यात वेशीजवळच्या शाळेकडून कल्ला उठला. "गुरुजी आले! गुरुजीची मोटर आली!" सुटीत गावभर उंडारणारी पोरं धावत सुटली होती. शेतकऱ्यांची पोरं, वस्तीतली पोरं, नाक पुसत, धूळ उडवत सगळी माझ्यावर येऊन आदळली. कोणी बंपरवर चढलं, कोणी काचेला नाक लावलं. त्यांना मोठ्यांचं भांडण ठाऊक नव्हतं की ठाऊक असूनही त्याची पर्वा नव्हती, मला अजून कळलेलं नाही. एक लहानशी मुलगी माझ्या बॉनेटवर चढून बसली.

"शकुन! उतर खाली!" नत्थुजी गरजला. ती त्याची लेक होती.

"नाई उतरत! मले गुरुजीच्या मोटरीत याचं हाय!"

दगड उचललेल्या माणसानं आजूबाजूला पाहिलं. त्याचंही पोरगं बंपरवर असावं. त्यानं दगड हळूच पायाशी टाकला. नत्थुजीच्या कपाळाची शीर उडत होती. तो शकुनकडे आला, मला वाटलं आता तो तिला फरफटत ओढणार. पण तिनं दोन्ही हातांनी माझा वायपर घट्ट धरला होता. तो तसाच उभा राहिला. मग मोतीरामकडे न पाहता म्हणाला, "हळू चालव. पोरगी पडन."

मी मुंगीच्या चालीनं निघाले. मोठ्या रस्त्यानं, देवळासमोरून, विहिरीजवळून. ओट्यांवरची माणसं पाहत होती. प्रत्येक घराशी मला वाटे, आता काही येऊन लागेल. काही आलं नाही. वस्तीत पोचल्यावर जमुना उतरली आणि आपल्या पायांनी घरात गेली.

अमरावतीला परतल्यावर रामरावांनी दार पाहिलं. मोतीरामनं काहीच लपवलं नाही. त्या भागातून त्यांचा कापूस यायचा.

"रंग मारून टाक," रामराव म्हणाले. "अन् कोनापाशी बोलू नोको."

मोतीराम कामाला लागला. ओला पॉलिश पेपर घेऊन त्यानं जखमेच्या कडा घासल्या, खोल जागी लांबीचा लगदा भरला, अस्तर दिलं, वर पांढरा रंग. पण नवा पांढरा जुन्या पांढऱ्याशी जुळला नाही. घासून, मेण लावूनही तो पट्टा वेगळा दिसत राहिला. माहेरपणाला आलेल्या जमुनानं त्यावर बोट फिरवलं.

"बाबा, हे झाकाचं नोतं. लोकाईले दिसू द्याचं होतं."

"झाकाले नाई लावला, माय. पत्रा उघडा राह्यला तं गंज आत शिरते. मंग सारं दार खाते." मग तो म्हणाला, "अन् कोनी इचारलं तं सांगतोच हाय न मी."

आणि तो खरोखरच सांगत राहिला. रामरावांना ते आवडलं नाही. मला त्यांनी अकोल्याला विकलं. नव्या मालकानं मला लग्नांना भाड्यानं द्यायला ठेवलं, नशिबानं पांढरीच.

एका वैशाखात मला पुन्हा त्याच गावी जावं लागलं. वस्तीत आणखी एक नवरी आणायची होती. वेस दिसली आणि माझं इंजिन अडखळलं. झाडाखाली माणसं बसली होती. त्यांत नत्थुजी होता, केस पिकलेला. त्यानं मान वर करून पाहिलं. माझ्या दाराकडेही पाहिलं. मग तो खाली बघून तंबाखू मळत बसला. कोणी उठलं नाही. मी मोठ्या रस्त्यानं गेले.

मित्रांनो, आता माझ्यावर मेण चढत नाही. रंग पुन्हा भुकटी होऊ लागला आहे, आणि पावसाळा आला की गंजाची भीती वाटते. तुमच्या घरी जी काही जुनी वस्तू असेल, तिच्यावरून अधूनमधून हात फिरवा. कुठे खरचटलेलं दिसलं तर कोणी केलं ते जरूर विचारा, पण त्याआधी ती जागा कोरडी करा आणि गंज आत शिरू देऊ नका. आणि कधी जठारपेठेत आलात, तर माझ्या बॉनेटवर खुशाल चढून बसा. मी घाबरेन, पण तुम्ही बसा.