बोर्डापाशी

"ताई, हात पुढे कर," धाकटा म्हणाला.

तिचे दोन्ही हात मोटरीच्या पोटात होते. जळक्या तारेचा गुंता ती पकडीनं ओढून काढत होती. करपलेल्या व्हार्निशचा वास दुकानभर भरून राहिला होता.

"हात रिकामे नाहीत. काय असेल ते बाकावर ठेव."

त्यानं एक चावी ठेवली. मोठी, पितळी, अजून कुणाच्या घामानं काळी न झालेली.

"बस स्टॉपमागचा गाळा," तो म्हणाला. "मालकाला शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. मी हो सांगून टाकलं."

"मग मला कशाला विचारतोस?"

"विचारतोय कुठे? सांगतोय. तू गुंडाळायचं, मी बसवायचं. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून येतं का? तुझ्या हाताकडे बघून येतं. किती दिवस दुसऱ्याच्या पोटमाळ्याखाली मान मोडत बसणार?" मग त्यानं आवाज खाली आणला. "खिडकी आहे, ताई. पूर्वेला. तुझं टेबल तिथेच लावू."

मागे मिस्त्री खोकले. दुकान त्यांचं; वय झाल्यापासून ते मागेच बसत आणि तिथूनच सगळं ऐकत.

आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. तेव्हापासून ती या पोटमाळ्याखाली, डोक्यावरच्या नळीच्या दिव्यात जळक्या मोटरींना नवी तार गुंडाळत आली. लग्न राहून गेलं. त्याचं तिनं करून दिलं. मिस्त्रींनी त्यालाही कामाला घेतलं. तिनं गुंडाळलेली मोटर तो गिऱ्हाइकाकडे नेऊन बसवून येई. तांब्याची नवी तार दिवसाच्या उजेडात कशी दिसते, हे तिनं इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. खिडकी म्हणताच ती तिच्या मनात जी शिरली, ती काही निघेना.

धाकटा गेल्यावर मिस्त्रींनी तिला हाक मारली.

"जा, पोरी. माझी ना नाही. माझं दुकान आता माझ्या गुडघ्यांइतकंच चालायचं."

"अजून माझं ठरलं नाही, काका."

"ठरवायच्या आधी एक कर. रविवारी तो बाहेरची कामं घेतो ना, मला चोरून? मला ठाऊक आहे, लाजू नकोस. त्याच्याबरोबर एकदा जाऊन ये. बोलू नकोस. नुसती बघ."

"काय बघू?"

मिस्त्रींनी देवाच्या तसबिरीकडे मान वळवली. तसबिरीखाली एका खिळ्यावर चिनी मातीचा जुना पांढरा फ्यूज दोऱ्यानं टांगलेला होता. ती रोज सकाळी तसबीर पुसताना तोही पुसायची. का टांगलाय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"जो मोटरीला हात लावतो, त्यानं आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. बाकावर नाही, बोर्डावर नाही, दुसऱ्याच्या हातात नाही. माझ्या भागीदारानं हा बाकावर ठेवला होता. त्याचे हात मोटरीत होते आणि कुणीतरी येऊन बसवला. चांगल्या मनानं. वीज नाही, लोक खोळंबलेत म्हणून."

---

रविवारी ती धाकट्याबरोबर निघाली. तो खुशीत होता. "आज मालकीणबाई पाहणीला निघाल्या!" असं म्हणत त्यानं हत्यारांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तिला पर्ससुद्धा धरू दिली नाही.

पाच मजली इमारत होती. पाणी चढवायचा पंप तळघरात, विजेचा बोर्ड वर, जिन्याच्या तोंडाशी. पंप बंद पडल्यामुळे माणसं बादल्या घेऊन जिन्यात उभी होती. धाकटा त्यांच्यातून वाट काढत गेला. एकीला म्हणाला, "काकू, बादली घरी ठेवा, अंघोळीचं पाणी तापवायला लागा." काकू हसल्या. त्याला बघितलं की लोकांचा राग उतरतो, हे तिला दिसलं. तिला बरं वाटलं.

त्यानं पंपाचे तिन्ही फ्यूज ओढून काढले आणि तिच्या हातात दिले.

"खिशात ठेव की," ती म्हणाली.

"तू आहेस ना! तू असताना मला खिसा कशाला?" पिशवी उचलून तो जिना उतरलासुद्धा. "हाक मारली की टाक."

ती फ्यूज घेऊन उभी राहिली. थंडगार होते. खालून ओल्या भिंतींचा वास येत होता आणि पाण्याचा थेंब कुठेतरी पडत होता. मध्येच पान्याचा आवाज यायचा, लोखंडावर लोखंड. घरच्या कपड्यांत खाली उतरलेले एक गृहस्थ तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"अजून किती वेळ हो, बाई?"

"होईलच."

तेवढ्यात खालून हाक आली. मोकळी, खणखणीत. "टाक!"

"चला! टाका, टाका," गृहस्थ म्हणाले.

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी ती मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. लहानपणापासूनची सवय. तार हातात घेताना, चूल पेटवताना, दाराला कडी घालताना. बघणाऱ्याला वाटे, बाई जराशी मंद आहे. तिनं नाव घेतलं. पहिला फ्यूज खाचेपाशी नेला. आणि खाली पाना वाजला.

तिचा हात थांबला. पुन्हा वाजला.

"अहो बाई, तो टाक म्हणाला ना?"

ती फ्यूज मुठीत धरून जिना उतरू लागली. गृहस्थ मागून काहीतरी बोलत राहिले. खाली गुडघ्याखालपर्यंत पाणी होतं. पाण्यात धाकटा पंपावर वाकून उभा होता. मोटरीच्या डबीचं झाकण त्यानं दातात धरलं होतं, आणि डबीत, उघड्या तारांवर, त्याची बोटं होती. बोल्टाची शेवटची चाकी आवळत होता.

त्यानं मान वर केली. दातातलं झाकण हातात घेतलं.

"तू खाली कशाला आलीस? लोक खोळंबलेत ना!"

"तुझा हात आत आहे."

"मग? तू टाकेपर्यंत झाकण लागलंच असतं." तो हसला. अगदी लहानपणचं हसू. "मी तुला ओळखत नाही का, ताई? देवाचं नाव घेतल्याशिवाय तू काही करतेस? तेवढा वेळ मी धरूनच चालतो."

तिनं मूठ उघडून पाहिली. फ्यूजच्या कडा तळव्यात उमटल्या होत्या.

ती वर गेली. मग झाकण लागलं, तो वर आला, तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा तिनं फ्यूज बसवले. पंप सुरू झाला. जिन्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थांनी धाकट्याची पाठ थोपटली आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "बहीण फार घाबरट दिसते."

"घाबरट नाही हो, देवभोळी आहे," धाकटा म्हणाला.

---

घरी दिवेलागणीला धाकट्यानंच विषय काढला.

"मग? काय ठरलं?"

"तू फ्यूज खिशात ठेवत जा. मग बोलू."

"ताई, खिसा फाटतो. तीन-तीन फ्यूज, त्यात उठायचं-बसायचं. आणि प्रत्येक वेळी वर या, टाका, पुन्हा खाली जा, बघा. दुसरी दोन कामं उरकतात तेवढ्यात."

"मी नाही आले तर?"

वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडला नाही. भिंतीला टेकून पाय लांब केले.

"नाही आलीस तर नाही. तुझ्यावर जबरदस्ती आहे का? गुंडाळायचं काम बाहेरून करून घेईन. आणि बोर्डापाशी हिला उभी करीन." त्यानं बायकोकडे हनुवटी केली. "तिला काय, हाक आली की टाकायचं."

भावजय दाराशी पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. चटपटीत पोर, हात कधी थांबायचा नाही. "वन्सं, मी शिकेन हो," ती म्हणाली. "त्यात काय अवघड?"

"बघ," धाकटा म्हणाला आणि गमतीनं ओरडला, "टाक!"

भावजयीनं मागे वळून पाहिलं नाही. एक हात मांडीवरच्या घडीवर तसाच, आणि दुसरा मागे गेला, भिंतीवरच्या बटणावर. खोली लख्ख उजळली.

दोघं खळखळून हसली. मग तिच्या तोंडाकडे बघून भावजय थांबली.

"वन्सं? काय झालं?"

भावजयीनं घातलेल्या घड्या ठेवायच्या निमित्तानं ती आत गेली. आतल्या अंधारात थोडा वेळ उभी राहिली. खिडकीचा विचार आता तिच्या मनात नव्हता. बाहेर येऊन म्हणाली, "मालकाला सांग, दोघं आहोत म्हणून."

धाकट्यानं उडीच मारली.

"पण बोर्डापाशी मी. दुसरं कुणी नाही."

"तूच. तूच गं! आणि टेबल खिडकीत."

त्या आठवड्यात तिनं त्याच्या कामाच्या शर्टाला आतून जाड कापडाचा खोल खिसा शिवून दिला, दुहेरी टाक्यांचा. त्याला तो फार आवडला. त्यानं त्यात मोबाइल ठेवला.

मिस्त्रींचं दुकान सोडताना तिनं तसबीर पुसली, खिळ्यावरचा फ्यूज पुसला. मिस्त्री तिच्या स्टुलावर हात ठेवून म्हणाले, "हे घेऊन जा. तुझ्या उंचीचं आहे."

---

नवा गाळा उघडला त्या सकाळी खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं. तिनं रिळावरून तारेचा पहिला हात सोडला. तार उन्हात अशी लाल-पिवळी पेटली की ती बघतच राहिली. साच्यावर वेढे पडू लागले. दारात पाटी चढवताना धाकटा भावजयीला म्हणत होता, "डावीकडे वर. अगं, तुझं डावं नाही, माझं डावं."

फोन वाजला. कुणाचा तरी पंप बंद. धाकट्यानं पिशवी घेतली. भावजय चपला घालून तयार.

"तू बस," ती उठत म्हणाली. "गिऱ्हाईक आलं तर थांबवून घे."

"अहो, तुमचं काम अर्धं राहील."

"राहू दे."

तिथेही तळघरच होतं. तिथेही तिनं खिशाची आठवण करून दिली आणि तो "हो, हो" म्हणत फ्यूज तिच्याच हातात देऊन उतरला. खालून हाक आली, "टाक!"

"वर ये," ती म्हणाली.

"ताई!"

"मला दिसल्याशिवाय नाही."

खाली पाना आपटल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग पायऱ्यांवर पावलं वाजली आणि तिचा श्वास सुटला. तो वर आला, हात ओले, तोंड लाल.

"रोज असंच करणार आहेस?"

"रोज."

तिनं फ्यूज बसवले. वाटेत तो तिच्या दोन पावलं पुढेच चालत राहिला. दुकानाशी पोचल्यावर मात्र तिच्याकडे बघून त्याला वाईट वाटलं असावं. "बस जा तुझ्या खिडकीत," तो म्हणाला. "ऊन आहे अजून."

साच्यावरची कॉइल तशीच होती. तिनं तार हातात घेतली आणि तिला वेढे आठवेनात. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. वेढा कमी पडला किंवा जास्त झाला तर मोटर आज चालते आणि पुढे कधीतरी जळते. तिनं सगळी तार पुन्हा उलगडली, सरळ केली, पहिल्यापासून सुरुवात केली. मान खाली, ओठ हलत होते. मागे कुठेतरी फोन वाजला असेल. धाकट्याचा हळू आवाज आला, "राहू दे, तिला नको उठवू, आत्ता बसलीये." भावजयीचा त्याहून हळू आवाज, "आपण दोघं पटकन जाऊन येऊ." पण ते तिच्या कानांवरून गेलं, आत पोचलं नाही. ती मोजत होती.

कॉइल पुरी झाली तेव्हा तिनं मान वर केली. ऊन टेबलाच्या कडेला सरकलं होतं. कोपरापाशी बशी झाकलेला चहा होता. तिनं कपाला हात लावला. गरम होता.

दारात धाकट्याच्या चपला नव्हत्या. शेजारी भावजयीच्याही नव्हत्या.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. तिनं शिवलेल्या खिशात, कुठल्यातरी जिन्याखाली वाजत असणार. काम कुणाचं, इमारत कुठली, विचारायला दुकानात कुणी नव्हतं. ती दारापर्यंत गेली, रस्त्याची दोन्ही टोकं पाहिली, परत आली.

फोन पुन्हा लावला. तो वाजत असताना तिनं रिकामी मूठ आवळली आणि देवाचं नाव घेतलं. हळू, एकेक अक्षर, जितकं लांबवता येईल तितकं. संपल्यावर पुन्हा घेतलं.