खास नंबर

मित्रांनो, कपाटाच्या तळाशी वायरींच्या गुंत्यात पडलेला हा काळा डबा म्हणजे मी, एक जुना मोडेम. पूर्वी इंटरनेट टेलिफोनवरून यायचे. घरचा संगणक आमच्या कंपनीला फोन लावायचा आणि आमच्यापैकी एक जण तो उचलायचा. एका वेळी एका मोडेमवर एकच घर. आम्ही होतो सोळा आणि गिऱ्हाइके सहाशे! तरी मालकांनी जाहिरात ठोकून दिली होती, "महिनाभर हवे तेवढे वापरा."

आमची देखभाल एक ताई करायच्या. मला पुसताना म्हणायच्या, "तुझ्यासारखा गुणी दुसरा नाही रे." मी फुलून जायचो.

काही गिऱ्हाइके दिवसभर लाइन सोडत नसत. ताईंनी अशा चाळीस जणांची यादी काढून त्यांना पत्रे धाडली: तुमच्यासाठी आता वेगळा, खास नंबर; जुना तुम्हाला बंद. त्या नंबरावर त्यांनी मला बसवले. काय सांगू, मी नुसता हुरळून गेलो! पण शेजारी दुसरा मोडेम काही येईना. चाळीस घरे आणि मी एकटा. मालक म्हणाले, "कंटाळून आपोआप जातील." ताईही हसल्या. केसाने गळा कापला हो माझा!

त्या यादीत एक घड्याळजी होते. त्यांना ऐकू येत नसे. परगावच्या लेकीशी टाइप करून बोलता यावे, म्हणून ते लाइन धरून बसत. एका सकाळी ते धापा टाकत ऑफिसात आले आणि ताईंपुढे चिठ्ठी ठेवली. ताईंनी ती मालकांना वाचून दाखवली: 'लेकीचे आज दुपारी ऑपरेशन. त्याआधी बोलायचे आहे. दोन तास खास नंबर लागत नाही.'

ताईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्यावर तेव्हा कोणीतरी गाणी उतरवून घेत होते. मला वाटले, आता तरी त्या खरे सांगतील, जुना नंबर पुन्हा सुरू करून देतील. त्या पुटपुटत लिहू लागल्या, "नंबर ठीक आहे. बिघाड तुमच्या मशीनमध्ये असेल."

घड्याळजी हात जोडून लगबगीने घरी गेले. थोड्याच वेळात गाणीवाल्याने लाइन सोडली. मी चांगला पाऊण तास मोकळा होतो, मित्रांनो! वाट पाहून जीव कासावीस झाला, पण त्यांचा फोन आला नाही.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळीही चिठ्ठी ताईंनीच वाचून दाखवली. 'लेक गेली. आता लाइन नको. त्या दिवशी घरी जाऊन मशीन सगळे खोलले, पण बिघाड सापडला नाही. तुम्हाला उगाच त्रास दिला.'

मित्रांनो, आम्हाला धूळ खात ठेवलेत तरी चालेल. पण तुमचे खोटे आमच्या माथी मारू नका. त्या दिवशी माझ्यात बिघाड नव्हता, आणि त्यांच्या मशीनमध्येही नव्हता.